‘हे कुणाकडून आलं?’ वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत आजार वेगवेगळे आहेत, पण एक प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचा आहे: हे कुणाकडून आलं? आईकडून की वडिलांकडून, माहेरकडून की सासरकडून?

माझी लॅब रत्नागिरीत आहे. पूर्वी लांजा, राजापूर, देवरुखकडची माणसं रिपोर्ट न्यायला स्वतः यायची. त्यांना समोर बसवून मी दोन शब्द सांगायची. आता रिपोर्ट फोनवर जातो आणि ‘ट्रेट’, ‘कॅरिअर’, ‘कन्जेनायटल’ हे शब्द समजावणारं तिथे कुणी नसतं. घरात त्यावरून बोलाचाली होतात, ठरलेली लग्नं मोडतात. मला हे फार लागतं. कुणाकडून आलं, याचं उत्तर मी प्रत्येक वेळी देणार आहे, कारण पुढे कुणाची तपासणी करायची हे त्यावरून ठरतं. त्यावरून कुणाला बोल लावायचा नाही. आपली जनुकं कुणीही निवडून घेतलेली नसतात.

मी गुहागर तालुक्यात आशा सेविका आहे. गृहभेटीला गेले की आया विचारतात, जीन म्हणजे काय, डीएनए म्हणजे काय, बाळाचं दुखणं जन्मजात आहे म्हणजे आमच्या रक्तातूनच आलं का. मलाच नीट कळलं तर मी त्यांना सांगेन.

ताई, तुम्ही हे विचारलंत ते फार बरं केलंत. माझा रिपोर्ट पोचत नाही अशा घरांत तुमचा शब्द पोचतो.

आपलं शरीर पेशींचं आहे. बहुतेक पेशींच्या आत एक केंद्रक असतं आणि त्यात ४६ गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम असतात. त्यांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आणि एक वडिलांकडून. हा ४६ आकडा १९५६ साली पक्का झाला, त्याआधी बरीच वर्षं पुस्तकांत ४८ छापलं जायचं. गुणसूत्रात डीएनए नावाचा खूप लांब रेणू घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. त्या डीएनएच्या ज्या भागात एखादं प्रथिन बनवण्याची माहिती असते, तो भाग म्हणजे जनुक, जीन. माणसात प्रथिनं बनवणारी अशी सुमारे २०,००० जनुकं आहेत. जनुकात बदल झाला तर त्याला उत्परिवर्तन किंवा म्युटेशन म्हणतात. हा शब्द ऐकून घाबरू नये. असे बदल तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत आहेत आणि बहुतेकांनी काही बिघडत नाही.

एकाच आईबापांच्या दोन मुलांत एकाला आजार आणि दुसऱ्याला नाही, हे कसं? हे सांगताना मी हापूसचं उदाहरण देते. हापूसचं कलम बांधलं की नवं झाड मूळ झाडासारखंच येतं, कारण डीएनए तोच. पण हापूसची कोय रुजवली तर रायवळ उगवतं आणि फळ कसं निघेल ते कुणी सांगू शकत नाही, कारण त्या कोयीत दोन झाडांचा डीएनए नव्याने मिसळलेला असतो. माणसाचं प्रत्येक मूल कोयीतून आलेलं आहे. आईच्या जोडीतलं कुठलं गुणसूत्र आलं, वडिलांच्या जोडीतलं कुठलं, हे दर मुलाला वेगळं.

आता जन्मजात आणि आनुवंशिक. हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि निम्मा घोटाळा तिथे आहे. जन्माच्या वेळी असलेलं ते जन्मजात, म्हणजे कन्जेनायटल, मग कारण काहीही असो. आईला गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष असू शकतो. हे जन्मजात आहे, पण आनुवंशिक नाही. आनुवंशिक म्हणजे जनुकांतून पिढ्यान् पिढ्या येणारं, आणि ते जन्मताना दिसेलच असं नाही. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार पूर्ण आनुवंशिक आहे, पण तो बहुतेकदा तिशी-चाळिशी उलटल्यावर दिसू लागतो.

तिसरा प्रकार तुम्ही आयांना आवर्जून सांगा. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे १९५९ साली समजलं. म्हणजे दोष गुणसूत्रांतलाच आहे. पण बहुतेक वेळा तो आईकडे किंवा वडिलांकडे आधीपासून नसतो. बीजपेशी तयार होताना जोडी नीट सुटी होत नाही आणि एक गुणसूत्र जास्तीचं राहतं. आईचं वय वाढतं तशी ही शक्यता वाढते, तरी विशीतल्या आईच्या बाळालाही हे होऊ शकतं. तिने काय खाल्लं, ग्रहणात विळी-कोयती हातात धरली का, याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ग्रहणाची गोष्ट मुद्दाम लिहिते आहे, कारण फाटलेल्या ओठाच्या बाळाच्या आयांना आजही हे ऐकून घ्यावं लागतं.

आणखी एक, हे तुमच्या हातातलं आहे. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच बंद होते. तोवर कितीतरी बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ती नळी नीट बंद व्हावी यासाठी फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू व्हायला हवी. आणि जन्मलेल्या बाळात दोष दिसला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव द्या. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या कोकणात पालघरलाच सुरू झाला. दुभंगलेला ओठ, वळलेलं पाऊल, हृदयाचं छिद्र यांवरचे उपचार त्यातून मोफत होतात.

माझं लग्न ठरलंय. हिमोग्लोबिन कायम दहाच्या आसपास, म्हणून कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या घेतेय. आता एका डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करायला सांगितली. एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार ५.२ टक्के आला आणि खाली ‘बीटा थॅलेसेमिया ट्रेट’ लिहिलंय. सासरच्यांना सांगू का? मी आजारी आहे का?

तू आजारी नाहीस. हे आधी नीट वाच, मग पुढचं.

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. ते अल्फा आणि बीटा या दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं. बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या दोन प्रती असतात. तुझी एक प्रत नीट काम करते, दुसरी कमी करते किंवा करतच नाही. एका प्रतीवर शरीराचं व्यवस्थित भागतं. पेशी थोड्या लहान राहतात, हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं, एवढंच. याला ट्रेट म्हणतात, मायनर म्हणतात, वाहक किंवा कॅरिअरही म्हणतात. तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत. रोज कामावर जाणारी, शेती करणारी, दोन-दोन बाळंतपणं झालेली कितीतरी माणसं वाहक असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. भारतात शंभरातल्या तीन-चार जणांत हे असल्याचा अंदाज आहे. काही समाजांत प्रमाण जास्त आहे, पण ‘हा अमक्या लोकांचा आजार, आपल्यात नसतो’ ही समजूत सोडून द्यायला हवी.

तुझ्या जुन्या सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीचे, आकडे पत्रात होते, त्यातच ही खूण होती. एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ६४. तांबड्या पेशींची संख्या मात्र ५८ लाख. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतातच, पण त्यांची संख्याही सहसा वाढलेली नसते. पेशी बारीक आणि संख्या भरपूर असं दिसलं की मी थॅलेसेमियाचा विचार करते. एचबीए-टू साधारण साडेतीनच्या वर गेलं की तो जवळपास पक्का होतो. एवढी वर्षं गोळ्या घेऊन फरक पडला नाही, कारण लोह हा प्रश्नच नव्हता. फेरिटिन तपासून घे, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. ते कमी असेल तरच लोह घे. उगाच साठलेलं लोह शरीराला चांगलं नाही. पुढे दिवस गेल्यावर मात्र लोह आणि फॉलिक ॲसिडबद्दल तुझे डॉक्टर सांगतील तेच कर, हा लेख दाखवून गोळ्या नाकारू नकोस.

सासरच्यांच्या आधी, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला सांग. त्याची सीबीसी आणि एचपीएलसी होणं गरजेचं आहे. त्याचं लोह कमी निघालं तर आधी ते भरून काढायचं, कारण लोहाची कमतरता असताना एचबीए-टू खोटं कमी दिसू शकतं आणि वाहक असलेला माणूस नॉर्मल ठरतो.

तो वाहक नसेल तर तुमच्या मुलांना थॅलेसेमिया मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्याने होणारा खरा आजार, होणार नाही. प्रत्येक मुलाला तुझ्यासारखं वाहक होण्याची शक्यता निम्मी, आणि वाहक असणं म्हणजे काय ते तू स्वतः जगतेच आहेस. तोही वाहक असेल, तर दर गर्भारपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक. ‘चारात एक’ वाचून लोक समजतात की एकाला झालं म्हणजे पुढची तिघं सुटली. तसं नाही. दर वेळी हिशोब पहिल्यापासून. मेजर असलेल्या बाळाचं रक्त बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान उतरू लागतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोजची औषधं लागतात. म्हणून अशा जोडप्याने दिवस गेल्यावर लगेच डॉक्टर गाठायचे. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा छोटा नमुना घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन, बाळाच्या जनुकांची तपासणी होते.

त्याच्या रिपोर्टवर ‘थॅलेसेमिया नाही’ एवढ्यावर थांबू नका. सिकल सेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक मिळूनही बाळाला आजार होऊ शकतो. रायगड-पालघरकडच्या आदिवासी वाड्यांवर सिकल सेल आहे, आणि २०२३ पासून देशातल्या आदिवासी भागांत त्याची तपासणी मोहीम चालू आहे. एचपीएलसीत दोन्ही दिसतात.

दोघंही वाहक निघालात तरी लग्न मोडायचं कारण नाही. दोघांनी जाणून घेऊन लग्न केलेली आणि निरोगी मुलं असलेली जोडपी मी पाहिली आहेत. आणि तुझ्या सख्ख्या भावंडांनाही तपासणी करायला सांग. तुला हे आई किंवा वडिलांकडून आलंय, त्यामुळे त्यांनाही असण्याची शक्यता निम्मी आहे.

सुनेक तीन मुली झाल्या. आमच्या घराण्यात असला कधी झाला नाय. तिच्या रक्तात काय दोष आसा काय, तपासून मिळात? (मालवणहून एका आजींनी नातीकडून लिहून घेतलेलं पत्र)

आजी, सुनेच्या रक्तात दोष नाही आणि तपासण्यासारखंही काही नाही. बाईची दोन्ही लिंग गुणसूत्रं एक्स असतात, पुरुषाचं एक एक्स आणि एक वाय. आईकडून बाळाला एक्सच मिळतो, तिच्याकडे दुसरं काही नाहीच. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. हे तुमच्या मुलाच्याही हातात नाही, पण सुनेच्या तर मुळीच नाही. पुढच्या खेपेला आधी बघून घेण्याचा विचार कुणी घरात काढत असेल तर त्याला सांगा, १९९४च्या कायद्याने गर्भाचं लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. हे पत्र ज्या नातीने तुम्हाला लिहून दिलं, तिचं अक्षर फार सुंदर आहे.

मी बारावी सायन्सला आहे, आमचं गाव हर्णैजवळ. मर्चंट नेव्हीत जायचं आहे. मेडिकलमध्ये ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यातले आकडे मला दिसले नाहीत. ‘कलर व्हिजन डिफेक्टिव्ह’ लिहिलं. मला तर सगळे रंग दिसतात. बाबांना आणि त्यांच्या भावांना असलं काही नाही. एक एजंट म्हणतो, पैसे भर, मी करून देतो.

पैसे भरू नकोस. बाकीचं सावकाश सांगते.

तुला रंग दिसतात हे खरं आहे. तुला न दिसणारा आहे तो लाल आणि हिरव्या छटांतला नेमका फरक. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या लाल आणि हिरव्यासाठीच्या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. मुलीला दोन एक्स असतात, एकावरचं जनुक बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेतं. तुझ्याकडे एकच एक्स, आणि तो आईकडून आलेला. म्हणून बाबा आणि काकांकडे शोधून काही हाती लागणार नाही. आईच्या बाजूला बघ. तू पत्रात सहज लिहिलं आहेस की आजोळचे आजोबा रातांबे काढायला झाडावर चढले की पिकलेले आणि हिरवे एकत्रच पाडायचे, म्हणून आजी ओरडायची. हिरव्या पानांत लाल फळ त्यांना वेगळं दिसत नसणार. त्यांचा एक्स तुझ्या आईला मिळाला, आईकडून तुला. आईला स्वतःला काही त्रास नाही, ती वाहक आहे. तुझी बहीणही वाहक असू शकते, शक्यता निम्मी.

तुला दाखवलेलं पुस्तक इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७च्या सुमारास तयार केलेल्या चाचणीचं. ती चाळणी आहे. एकदा चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे, पुरेशा उजेडात, पुन्हा तपासून घे. दोष किती तीव्र आहे ते सांगणाऱ्या आणखीही चाचण्या असतात. तो ठरला तर मात्र त्यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. रंगीत काचांचे चष्मे जाहिरातीत दिसतात, त्यांनी दृष्टी दुरुस्त होत नाही आणि मेडिकलला ते चालत नाहीत.

जहाजावर रंगदृष्टी चांगलीच हवी हा नियम कठोर वाटेल, पण तो का आहे हे हर्णैच्या मुलाला मी वेगळं सांगायला नको. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने कळते. ते जहाज कुठल्या दिशेला चाललंय हे त्या दोन रंगांवरून ठरवायचं असतं. इंजिन विभागालाही रंगदृष्टीचे निकष आहेत. एजंट कागद मिळवून देईल, दिवे ओळखून देणार नाही. समुद्राशी नातं ठेवायचं असेल तर रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. त्याशिवाय बंदरांवर, जहाजबांधणीत, हवामान आणि समुद्र विज्ञानात कितीतरी कामं आहेत. मात्र कुठेही फी भरण्याआधी तिथली वैद्यकीय अट वाचून घे. तुला फार वाईट वाटलं असणार, ते मला कळतं. बारावीतच कळलं, यात तुझी पुढची वर्षं वाचली आहेत.

माझा रक्तगट ओ, बायकोचा ओ. मुलाने कॉलेजच्या शिबिरात रक्तदान केलं, त्याच्या कार्डावर बी पॉझिटिव्ह आहे. नेटवर वाचलं की ओ आणि ओ यांना ओ-च मूल होतं. घरातलं वातावरण फार बिघडलं आहे. नाव छापू नये. (सिंधुदुर्ग जिल्हा)

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुढचं वाचताना तुमच्या पत्नीलाही शेजारी बसवा.

सगळ्यात आधी तिघांचे गट एकाच रक्तपेढीत, नव्याने घेतलेल्या रक्तावर तपासा. तुमच्या दोघांचे गट कुठल्या कागदावरून धरलेत? शाळेच्या दाखल्यावरचा, लायसन्सवरचा, वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाच्या फाइलमधला गट चुकीचा निघाल्याचं मी पाहिलं आहे. बी गटाच्या काही क्षीण प्रकारांत साध्या तपासणीत बी दिसत नाही आणि ओ लिहिला जातो.

आणि समजा तिन्ही गट पुन्हा तेच आले, तरी पत्नीवर संशय घेण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती सापडली आपल्याच मुंबईत. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर आधी एच नावाचा पदार्थ बनतो. ए किंवा बी त्यावर चढवले जातात. ए-बीचं जनुक ९व्या गुणसूत्रावर, एचचं १९व्या. एखाद्याच्या एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर पायाच नसतो. मग त्याच्याकडे बीचं जनुक असूनही पेशीवर बी दिसत नाही आणि तपासणीत तो ओ ठरतो. पण बीचं जनुक तो मुलाला देतो. मुलाला दुसऱ्या पालकाकडून चांगलं एच मिळालं की मुलाच्या पेशीवर बी स्पष्ट दिसतो. हाच बॉम्बे ब्लड ग्रुप. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो असं मानतात.

म्हणजे तुमच्यापैकी एक जण बॉम्बे गटाचा असू शकतो. ते कळायला दोन तपासण्या लागतात. एकीत तुमच्या रक्तातला पेशींशिवायचा द्रव, म्हणजे सीरम, ओ गटाच्या पेशींबरोबर मिसळून बघतात. खऱ्या ओ माणसाचं सीरम ओ पेशींना काही करत नाही, बॉम्बे गटाच्या माणसाचं सीरम त्यांच्या गुठळ्या करतं. दुसरीत एच पदार्थ ओळखणारा अँटी-एच नावाचा अभिकर्मक, म्हणजे तपासणीचा द्रव, वापरतात. तो एका काटेरी झुडपाच्या बियांपासून करतात. तालुक्याला बोट टोचून काचेवर थेंब घेतात, त्यात हे कळत नाही. रक्तपेढीला ‘ओ पेशींसह रिव्हर्स ग्रुपिंग करा’ असं स्पष्ट सांगा. गरज पडली तर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे नमुना पाठवता येतो.

घरच्या वादापेक्षाही ही तपासणी जिवासाठी महत्त्वाची आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. कार्डावर ओ बघून ओ दिलं तर ते घातक ठरू शकतं. तुमच्यापैकी कुणी तसा निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करा, त्यांच्यात हा गट असण्याची शक्यता सहसा चारात एक असते. मग ती भावंडं एकमेकांचे रक्तदाते होऊ शकतात.

रक्तगटावरून बाप ठरत नाही. कुणी तुम्हाला तसं सांगत असेल तर त्याला हा मजकूर वाचायला द्या.

मामाच्या मुलीशी लग्न करायचं आहे. आमच्यात चालतं. पण मुलं अपंग होतात असं लोक म्हणतात. खरं काय? (राजापूर)

कुठल्याही जोडप्याच्या बाळाला गंभीर जन्मजात किंवा जनुकीय दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असतेच. सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण आणखी दोन-तीनने वाढते. म्हणजे शंभरातली नव्वदहून अधिक बाळं निरोगी. ‘मुलं अपंगच होतात’ हे खोटं, आणि ‘काहीच होत नाही’ हेही खोटं.

शक्यता वाढते याचं कारण असं. प्रत्येकाच्या जनुकांत काही प्रती निकामी असतात, दुसऱ्या प्रतीमुळे ते लपून राहतं. तुमची आणि मामेबहिणीची आठवा हिस्सा जनुकं सामाईक आहेत, त्यामुळे दोघांकडे तीच निकामी प्रत असण्याची शक्यता जास्त, आणि बाळाला दोन्हीकडून तीच मिळाली तर आजार दिसतो. पण आपल्याकडे हा हिशोब इतका सरळ नसतो. चार-पाच वाड्यांतच पिढ्यान् पिढ्या सोयरिकी झाल्या असतील तर नातं दिसतं त्याहून जवळचं असतं. म्हणून दोन्ही आजींना विचारून तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा. कुणाची तान्ही मुलं वारंवार दगावली, कुणी जन्मापासून बहिरं होतं, कुणाला रक्त चढवावं लागे, कुणाची चाल लहानपणीच बिघडली, हे नावापुढे लिहा. गावात अशा गोष्टी झाकतात, तेव्हा विचारताना जिव्हाळ्याने विचारा. तो कागद घेऊन जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. एचपीएलसी दोघांचीही करा. त्यानंतर निर्णय तुमचा.

मुलगा पनवेलला कामाला असतो. मलेरिया झाला म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी लघवी काळपट लाल झाली, डोळे पिवळे झाले, हिमोग्लोबिन सातवर आलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जी-सिक्स-पीडी कमी असणार. पण त्याची तपासणी नॉर्मल आली. खरं काय धरायचं? आणि नेटवर वाचून आम्ही त्याचे वाल बंद केलेत. (अलिबाग तालुका)

वहिनी, डॉक्टरांचा अंदाज बरोबर असावा, आणि रिपोर्टही चुकीचा नसावा. दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगते.

जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. काही औषधांनी पेशीवर रासायनिक ताण येतो, तेव्हा ते पेशीला वाचवतं. ते कमी असलेला माणूस एरवी धडधाकट असतो. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात, त्यांच्यासाठी प्रायमाक्विन देतात, आणि त्या गोळ्यांनी अशा माणसाच्या पेशी फुटतात. काळपट लघवी म्हणजे फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन. पण आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी, कारण त्यांच्यात हे विकर सगळ्यांत कमी. मागे उरतात त्या तरुण पेशी, नव्याने तयार होतात त्याही तरुण, आणि त्यांच्यात ते बऱ्यापैकी असतं. अशा वेळी नमुना घेतला की आकडा नॉर्मल दिसतो. मुलाला बरं वाटल्यावर, रक्त दिलेलं असेल तर तेही धरून, तीनेक महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. तोवर त्याला कमतरता आहे असंच धरून चाला.

डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन अशी आणखीही काही औषधं त्याला चालणार नाहीत. ‘जी-सिक्स-पीडीची कमतरता, प्रायमाक्विन देऊ नये’ असा कागद त्याच्या पाकिटात ठेवा. मलेरिया पुन्हा उलटला तर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण तो कागद त्यांना आधी दिसला पाहिजे. डांबरगोळ्या घरातून काढून टाका. पावसाळ्यात ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले कपडे तसेच तान्ह्या बाळाला घातले आणि बाळ पिवळं पडलं, असं घडतं. ही कमतरता असलेल्या तान्ह्याच्या अंगाला मेंदीही लावू नये.

वाल मात्र त्याला द्या. नेटवर ज्या शेंगांबद्दल लिहिलेलं असतं तो फाबा बीन, आपल्याकडे ज्याला बाकला म्हणतात तो. आपला कडवा वाल ही निराळीच वनस्पती आहे, तो बंद करायचं कारण नाही. थंडीतली वालाच्या शेंगांची पोपटीसुद्धा चालेल.

हे जनुकही एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणजे मुलाला ते तुमच्याकडून आलं. तुम्हाला त्रास नाही, कारण तुमचा दुसरा एक्स चांगला आहे. पत्रात तुम्ही दोन धाकट्या मुलांचा उल्लेख केला आहे. त्या दोघांचीही तपासणी मलेरियाची गोळी कधी लागण्याआधीच करून घ्या. त्यांच्यात विकर कमी असण्याची शक्यता निम्मी आहे. तुमच्या बहिणींच्या मुलग्यांनाही कळवा. थोरल्याचं लग्न होऊन मुलगे झाले तर त्यांना हे त्याच्याकडून जाणार नाही, मुली मात्र सगळ्या वाहक असतील. त्यांच्या बाळंतपणाच्या वेळी हा कागद डॉक्टरांना दाखवायला हवा.